एक डिश, घरभर टीव्ही
युरोपात एका डिशवर चार खोल्यांत वेगवेगळी चॅनेल पाहायची, तर एरवी चार केबल ओढाव्या लागतात. 13 की 18 व्होल्ट आणि 22 किलोहर्ट्झचा संकेत आहे की नाही, यावरून एलएनबी (डिशवरचा संकेत झेलणारा भाग) एका केबलमधून एका वेळी एकच पट्टा खाली पाठवतो. लक्झेंबर्गच्या एसईएस या उपग्रह कंपनीने 2012 मध्ये आणलेल्या ‘सॅट-आयपी’ तंत्राने हा गुंता सोडवला. यात चॅनेल पकडणारे ट्यूनर डिशला जोडलेल्या एका सर्व्हरमध्येच बसतात. निवडलेले चॅनेल लॅनवरून, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरून, टीव्ही, टॅब्लेट, लॅपटॉपकडे जाते. इंटरनेट बंद पडले तरी चित्र चालू राहते. म्हणून घर बांधणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे: प्लास्टर होण्याआधी प्रत्येक खोलीपर्यंत लॅन केबलसाठी पाइप टाकून घ्या. उपकरणे बदलत राहतील, भिंत मात्र पुन्हा फोडावी लागणार नाही.