पिएत्रोने सुरत पाहिली, तशी आपण इटली पाहू या

फेब्रुवारी १६२३ मध्ये रोमचा एक उमराव इंग्रजांच्या जहाजातून सुवालीला उतरला आणि सुरतेत आला. नाव पिएत्रो देल्ला व्हाल्ले, वय ३६. १६१४ मध्ये व्हेनिसहून निघाल्यावर इस्तंबूल, इजिप्त, जेरुसलेम, बगदाद आणि इराण करत तो इथवर पोचला होता. बगदादला त्याने मानी नावाच्या तरुणीशी लग्न केलं. १६२१ च्या अखेरीस इराणच्या किनाऱ्याजवळ ती वारली. तिचा देह मसाले भरून त्याने जतन केला आणि रोमला घराण्याच्या दफनस्थानी नेण्यासाठी पेटीतून सोबत आणला. एवढं दुःख बरोबर वागवत असताना या माणसाने सुरत आणि गुजरात किती मन लावून पाहिला, हे नेपल्समधल्या मारिओ स्किपानो या वैद्य मित्राला लिहिलेल्या त्याच्या पत्रांत दिसतं.

सुरतेच्या वेशीबाहेर त्याने एक मोठा वड पाहिला. लोक त्याला पार्वतीचं ठाणं मानत. बुंध्यावर चेहऱ्यासारखा ओबडधोबड कोरलेला भाग होता, त्याला शेंदूर फासलेला, सोन्याचांदीचे डोळे बसवलेले, भोवती फुलं आणि विड्याची पानं. पिएत्रो कडवा कॅथलिक होता. त्याला हा सगळा भाबडेपणा वाटला आणि तसं त्याने लिहिलंही. पण पुढे त्याने आठवण दिली की प्राचीन रोमन लोकही ज्युपिटरच्या मूर्तीचं तोंड असंच शेंदराने रंगवत. परक्याच्या देवाकडे बघताना त्याला आपल्या पूर्वजांचा देव आठवला.

खंभातला त्याने पशुपक्ष्यांचं इस्पितळ पाहिलं. तिथे पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध नाकावर चष्मा लावून बसला होता. त्याच्यापुढे डबीत कापूस, कापसात आईविना सापडलेली उंदराची पिल्लं, आणि पक्ष्याच्या पिसाने तो त्यांना दूध पाजत होता. मोठी झाली की सोडून देणार, असं त्याने पाहुण्याला सांगितलं. पिएत्रोने हे दृश्य चष्मा, कापूस आणि पीस यांसकट टिपलं, म्हणून ४०० वर्षांनंतरही तो म्हातारा आपल्याला दिसतो.

आज वाहतूक उलट दिशेने चालते. आपल्या सुरतेतून किती तरी लोक इटलीला जातात. कोणी लूम आणि दागिन्यांची यंत्रं बघायला, कोणाची मुलं मिलानला शिकायला, आणि बरेच जण उन्हाळ्याच्या सुट्टीत युरोप टूरवर. २०२३ मध्ये इट्मा हे वस्त्रोद्योग यंत्रांचं मोठं प्रदर्शन मिलानलाच भरलं होतं. उधना-लिंबायतच्या मराठी घरांतूनही आता टूरच्या गप्पा ऐकू येतात. त्या ऐकताना एक गोष्ट सारखी खटकते. व्हेनिस, फ्लॉरेन्स, पिसाचा मनोरा आणि रोम चार दिवसांत उरकतात, फोटो शेकड्यांनी येतात, पण तिथली माणसं कशी जेवतात, भेटतात, कशाने दुखावतात, याबद्दल कोणाकडे सांगण्यासारखं काही नसतं. इमारती पाहून होतात, इटालियन माणूस राहून जातो.

हा माणूस आधी आपल्या गावाचा असतो आणि मग देशाचा. इटली हे राष्ट्र १८६१ चं, रोम राजधानी झाली १८७१ मध्ये, आणि राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं ते १९४६ च्या सार्वमताने. त्याआधी शतकानुशतकं व्हेनिस वेगळं, फ्लॉरेन्स वेगळं, नेपल्स वेगळं. घरात बोलली जायची ती गावाची बोली. प्रमाण इटालियन घरोघर पोचली ती शाळेमुळे आणि १९५४ मध्ये सुरू झालेल्या टेलिव्हिजनमुळे. नेपल्सच्या माणसाला तुमच्याकडचं जेवण मिलानसारखंच का, असं विचारू नये. धुळ्या-नंदुरबारहून येऊन सुरतेत पिढ्या काढलेल्या, घरात अहिराणी बोलणाऱ्या आपल्या लोकांना हा अभिमान समजायला जड जाऊ नये.

इटालियन माणसांचं जगणं ताटाभोवती फिरतं. 'सुरतनुं जमण' अशी ख्याती असलेल्या गावाने हे तरी ओळखायलाच हवं. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत आपल्या दिवाळीला वारशाचा मान मिळाला, तसाच इटलीच्या पाकपरंपरेलाही. त्या परंपरेत पदार्थांइतकीच रीत महत्त्वाची. कॅपुचिनो सकाळचा, दुपारी-रात्री जेवणानंतर फक्त छोटी काळी कॉफी. ती काउंटरपाशी उभ्याने दोन घोटांत प्यायची, कारण बसलं की अनेक ठिकाणी दर वाढतो. स्पॅगेटी सुरीने कापायची नाही. रात्रीचं जेवण आठच्या आसपास, आणि बिल मागितल्याशिवाय वेटर ते आणत नाही, कारण पाहुण्याला उठवणं तिथे असभ्य समजतात. आपले लोक याला ढिलाई म्हणतात. तो आदर आहे. बिलात माणशी 'कोपेर्तो' लावलेला दिसला तर भांडू नये. तो ब्रेडचा आणि टेबलाचा आकार असतो.

दुकानात शिरताना 'बोंजोर्नो' म्हणायचं, निघतानाही निरोप घ्यायचा. मुकाट्याने शिरून मालाला हात घालणं उद्धटपणाचं समजतात. फळवाल्याकडे तर हात अजिबात लावायचा नाही. आपण टोमॅटो दाबून, भेंडीचं टोक मोडून बघतो. तिथे काय हवं ते सांगायचं आणि त्याने निवडून द्यायचं. सुपरमार्केटमध्ये स्वतः घ्यायचं असेल तर फळांशेजारी प्लास्टिकचे पातळ हातमोजे ठेवलेले असतात. ते घातल्याशिवाय सफरचंद उचललं की शेजारची आजीबाई टोकल्याशिवाय राहत नाही. अनोळखी मोठ्या माणसाला एकेरी संबोधत नाहीत. शिकलेल्या माणसाला 'दोत्तोरे', 'इंजेन्येरे' अशी पदवी लावून हाक मारतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, नाहीतर सेंट पीटर्सच्या दारातूनही परत पाठवतात. मुलं सरासरी तिशीपर्यंत आईवडिलांच्या घरी राहतात, रविवारचं दुपारचं जेवण कुटुंबाचं असतं, आणि १५ ऑगस्टला, आपल्या स्वातंत्र्यदिनी, तिथे ऐन उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते. त्या सुमारास छोटी दुकानं बंद मिळाली तर नवल नाही. संध्याकाळी सगळं गाव नीटनेटके कपडे घालून चौकात फेरी मारायला निघतं. रविवारी डुमस रोडला जाणाऱ्या सुरतकराला ही हौस कोणी समजावून सांगायला नको.

शाकाहारी घरांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अस्सल पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट नियमानेच वापरावं लागतं, आणि ते चीज पेस्तो सॉससकट अनेक पदार्थांत असतं. 'व्हेज' एवढं सांगून भागत नाही. आपण काय खात नाही आणि का, हे शांतपणे सांगितलं तर बहुतेक स्वयंपाकी आनंदाने वेगळं करून देतात. डायनिंग हॉलमध्ये थेपल्याचा डबा उघडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

काही ठिकाणी आपली चांगली सवयही आड येते. सकाळी उठून चबुतऱ्यावर कबुतरांना जुवार टाकणं हे इथे पुण्य. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकात मात्र २००८ पासून कबुतरांना दाणे टाकायला बंदी आहे, कारण विष्ठेने जुना संगमरवर खराब होतो, आणि दंडही होतो. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर २०१९ पासून बसायलाही मनाई आहे. तिथे वाद घालू नये. खंभातच्या म्हाताऱ्याला उंदीर जितके जपावेसे वाटले, तितक्याच जिव्हाळ्याने हे लोक दगड जपतात.

पिएत्रोला आपलं सगळं पटलं नव्हतं, आपल्यालाही त्यांचं सगळं पटणार नाही. पटायची गरज नाही. नीट बघायची, विचारायची आणि समजून घ्यायची गरज आहे. म्हणून या उन्हाळ्यात जाणाऱ्यांना माझी मनापासून विनंती आहे: यादीतलं एक शहर कमी करा. वाचलेला दिवस एखाद्या लहान गावाच्या चौकात घालवा, तिथल्या वेळेला आणि तिथल्या रीतीने एक जेवण जेवा, मुलांना चार शब्द इटालियन शिकवून न्या. आणि परत आल्यावर शेजाऱ्यांना फोटोंच्या आधी तिथल्या एका तरी माणसाबद्दल सांगा.