लिफ्ट बसवण्याआधी अम्मीला विचारा

आमच्या रोशन गेट भागातली घरं गेल्या काही वर्षांत उभी वाढली. वीस बाय तीसचा प्लॉट, भाऊ वेगळे होतात, जमीन काही वाढत नाही, मग मजला चढतो. खाली दुकान किंवा भाडेकरू, पहिल्यावर थोरला, दुसऱ्यावर धाकटा. म्हातारे आईवडील ज्याच्या वाट्याला आले त्याच्या मजल्यावर. जिना मात्र तोच, दोन फुटांचा, उंच पायऱ्यांचा, वळणावर अंधार असलेला.

आता या घरांत लिफ्ट येऊ लागली आहे. सरकारी मराठीत तिला उद्वाहन म्हणतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, पण हा शब्द पाटीबाहेर कोणाच्या तोंडी ऐकला नाही. ओळखीचे लोक विचारतात, 'सर, तुमच्याकडे आहे ना, कोणती घ्यावी?' त्यांना जे सांगतो ते एकदा लिहून ठेवतो.

चार वर्षांपूर्वी अम्मीचे गुडघे गेले. ती दुसऱ्या मजल्यावर माझ्याकडे राहत होती. खालची पुढची खोली भाड्याने दिलेली होती. अम्मीचं खाली उतरणं बंद झालं. आम्ही दोघा भावांनी पैसे जमवले, काही उधार घेतले आणि लिफ्ट बसवली. कोटेशनं बघताना मी काय बघितलं? काचेचं केबिन, स्टीलची चमक, छतातले दिवे. विकणाऱ्याने विचारलं, 'बॅटरीवाली रेस्क्यू सिस्टीम हवी का? वेगळे पैसे पडतील.' आम्ही म्हटलं, नंतर बघू.

पहिल्याच पावसाळ्यात ते 'नंतर' आलं. वादळ झालं, वीज गेली, अम्मी दोन मजल्यांच्या मधे. पंख्यासकट सगळं बंद. मोबाइल तिच्याकडे होता, पण आत रेंज नव्हती. मेकॅनिक पुण्याचा. फोनवर तो मला 'घाबरू नका' म्हणत राहिला. चाळीस मिनिटांनी वीज आली. अम्मी बाहेर आली, पाणी प्यायली आणि एवढंच म्हणाली, 'बेटा, मेरेकू नीचे कमरा दे दे.'

म्हणून पहिली गोष्ट: वीज गेल्यावर लिफ्ट काय करते, हे पैसे देण्याआधी विचारा. ऑटोमॅटिक रेस्क्यू डिव्हाइस नावाची बॅटरीवर चालणारी सोय असते. वीज गेली की ती केबिन जवळच्या मजल्यावर आणून दार उघडते. आपल्या शहरात ही चैन म्हणता येणार नाही. पण बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, ती बदलायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. आत घंटा आणि खालच्या मजल्यावर वाजणारा इंटरकॉम हवाच. अडकलेल्या माणसाला दार फोडून मधल्या फटीतून ओढू नका, त्यातच जीव जातो. हाताने केबिन उतरवण्याची रीत प्रत्येक लिफ्टची वेगळी असते. कंपनीकडून ती घरातल्या दोन मोठ्या माणसांनी समोर करून शिकून घ्यावी, त्यातला एक तरी दिवसा घरी असणारा हवा.

दुसरी गोष्ट दाराची. लोकांना भीती दोर तुटण्याची वाटते. एलिशा ओटिस या अमेरिकन कारागिराने १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात स्वतः फळीवर उभं राहून दोर कापून दाखवला होता. फळी थोडी घसरून जागीच थांबली. केबिनचा वेग वाढला की रुळांना पकडणारी तशी यंत्रणा दोराच्या लिफ्टला आजही असते. घरातला धोका बहुतेक वेळा दाराशी असतो. केबिन दुसऱ्या मजल्यावर असताना पहिल्या मजल्याचं दार ओढून बघा. उघडलं, तर ती लिफ्ट घेऊ नका. दार अर्धवट उघडं ठेवून बटण दाबा. केबिन हललं, तरी घेऊ नका. या दोन परीक्षांना पाच मिनिटं लागतात.

घरात लहान मुलं असतील तर बाहेरचं दार आणि आतलं दार यांतलं अंतर मोजा. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१९ मध्ये घरगुती लिफ्टबाबत इशारा दिला होता: हे अंतर चार इंचांहून जास्त असेल तर मूल त्या फटीत अडकतं, आणि कोणी वरून बटण दाबलं की लिफ्ट सुरू होते. तिथे मुलं दगावली आहेत. जाळीच्या ओढायच्या दारात बोटं जातात, ती स्वस्त मिळाली तरी नको.

तिसरी, मापाची. आपल्याकडे एका माणसाचं वजन ६८ किलो धरून हिशोब करतात. चार माणसांची लिफ्ट म्हणजे २७२ किलो. पण चार माणसं मावतात म्हणजे व्हीलचेअर मावते असं नाही. दाराची मोकळी रुंदी निदान ८० सेंटिमीटर हवी आणि मागे खुर्ची ढकलणारा उभा राहील एवढी खोली हवी. दुकानात जाऊन फीत लावा, चित्रावर विसंबू नका. आज आई काठी घेऊन चालते, उद्या खुर्चीवर असेल.

चौथी, घराची. जुन्या शहरातल्या दगड-चुन्याच्या किंवा विटांच्या भिंतीवर लिफ्टचे रूळ ठोकू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बहुतेक वेळा तो स्वतःच्या पायावर उभी राहणारी लोखंडी चौकट सुचवेल. स्लॅब कुठे कापायचा हे मिस्त्रीने ठरवू नये. खालच्या खड्ड्याला वॉटरप्रूफिंग करा, नाहीतर पावसाळ्यात त्याचा हौद होतो. अर्थिंग नीट आहे का आणि मीटरवरचा मंजूर भार पुरेल का, तेही आधीच बघा.

पाचवी, कागदाची. विकणारे म्हणतात, 'घरची लिफ्ट आहे, परवाना कशाला?' महाराष्ट्रात १९३९ पासून लिफ्टचा कायदा आहे आणि २०१७ मध्ये नवा झाला. बसवण्याआधी परवानगी आणि चालवण्याआधी परवाना, हा त्याचा गाभा. घरगुती लिफ्टसाठी आयएस १५२५९ हे वेगळं भारतीय मानकही आहे. आपल्या गल्ल्यांत बांधकामाचेच कागद अर्धे असतात, म्हणून लोक निरीक्षकाच्या ऑफिसकडे फिरकत नाहीत. पण तो निरीक्षक तुमच्या आईच्या डोक्यावरचं यंत्र तपासणार असतो. मशिदीच्या बांधकामाचा पैसा आपण पावती घेऊन देतो, मग इथे कागद का टाळतो? आणि देखभालीचा करार करताना विचारा, मेकॅनिक शहरात राहतो का? पुण्याहून निघालेला माणूस संध्याकाळी पोहोचतो.

सहावी गोष्ट बोलायला जड जाते. लिफ्टला जागा हवी म्हणून काही जण जिना आणखी अरुंद करतात. अब्बा गेले तेव्हा त्यांची मय्यत दुसऱ्या मजल्यावरून चादरीत धरून उतरवावी लागली, कारण आमच्या जिन्यात डोला वळत नव्हता. खाली आणून गुस्ल दिला. ते वळण मी विसरलेलो नाही. घरगुती लिफ्टमध्ये स्ट्रेचर जात नाही, डोलाही जात नाही. आग लागली किंवा भूकंप झाला तर लिफ्ट वापरायचीच नसते. जिना रुंद ठेवणं आधी, लिफ्ट मग.

हे सगळं लिहूनही माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. आम्ही लिफ्ट का घेतली? अम्मीसाठी, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. खरं तर खालच्या खोलीचं भाडं सोडवत नव्हतं. भाडं चालू राहावं आणि आईही खूश व्हावी, म्हणून लाखो रुपयांचं यंत्र आणलं. तिला काय हवं ते कोणी विचारलं नाही. तिला वर-खाली करायचं नव्हतंच. सकाळी भाजीवाल्याशी हुज्जत घालायची होती, समोरच्या खालाशी दारात बसून बोलायचं होतं, रमजानमध्ये गल्लीतली लगबग बघायची होती. आईची खिदमत आम्ही मजल्यांत मोजत होतो, तिचं जग उंबरठ्यावर होतं.

लिफ्टला माझा विरोध नाही. ज्यांच्या खालच्या मजल्यावर खरंच जागा नाही, ज्यांच्या घरी व्हीलचेअर आहे, त्यांनी जरूर बसवावी, वर लिहिलेलं तपासून. पण कोटेशन मागवण्याआधी एक दिवस आईवडिलांजवळ बसा आणि विचारा, तुम्हाला कुठे राहायचं आहे? उत्तर 'खाली' आलं, तर भाडेकरूला नोटीस द्या. ते लिफ्टपेक्षा स्वस्त पडतं.

आम्ही शेवटी तेच केलं. अम्मी आता पुढच्या खोलीत राहते, दार दिवसभर उघडं असतं. लिफ्टमध्ये बॅटरी बसवून घेतली, परवाना काढला. तिच्यातून गॅसचं सिलिंडर आणि गव्हाची पोती वर जातात. अम्मी ते बघते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, 'मेरे बच्चों ने मेरेकू लिफ्ट लाके दी.'