खोक्यावरचे वॅट
मीरा रोडच्या वन बीएचकेतल्या हॉलसाठी पाच स्पीकर नि वूफर जमले, की अ‍ॅम्प्लिफायरसाठी मंडळी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठतात आणि खोक्यावरच्या पीएमपीओच्या चार आकडी वॅटला भुलतात. तो आकडा निव्वळ फुशारकी. विचारायचा आरएमएस, तोही सगळे चॅनेल एकदम चालू असताना किती, हे खोदून. त्याआधी घरचा स्पीकर उलटा करून मागची पट्टी वाचा: ८ ओहम की ४? आठसाठीच बनलेल्या अ‍ॅम्पला चारचे जोडले, तर करंट दुपटीला जातो, अ‍ॅम्प तापतो नि ऐन क्लायमॅक्सला मान टाकतो. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ३ डेसिबलने जास्त असेल, तर तेवढ्याच आवाजाला निम्मे वॅट पुरतात. दुकानदार हे कशाला सांगेल? शिवाय निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल, आणि खालच्या मजल्यावरचे काका तर तेवढंही चालवून घेत नाहीत.