‘आणखी’ आणि ‘पुरे’

लहान मुलाच्या तोंडीं जे शब्द आपोआप येतात, त्यांत ‘आणखी’ हा एक होय. ‘पुरे’ हा शब्द मात्र त्यास शिकवावा लागतो. तो कसा शिकवावा, ह्याविषयीं आईबापांत व शिक्षकांत फार दिवसांपासून मतभेद आहे. कोणी म्हणतात, गोड पदार्थ घरांत येऊंच देऊं नये. कोणी म्हणतात, मुलांस यथेच्छ खाऊं द्यावें, कंटाळलीं म्हणजे तीं आपण होऊन थांबतील. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. आणि ह्या मताच्या पुष्ट्यर्थ एका अमेरिकन खाऊची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

ह्या खाऊचें नांवच मुळीं ‘आणखी थोडें’ असें आहे. इंग्रजींतील ‘सम मोअर’ ह्या दोन शब्दांचा संकोच होऊन ‘स्मोअर’ हें नांव झालें. अमेरिकेंत थंडीच्या दिवसांत भिंतींत बांधलेल्या धुराड्याच्या शेगडीपुढें, किंवा उन्हाळ्यांत परसांत विस्तव करून, मुलें हा खाऊ करितात. कृति सोपी आहे. मार्शमॅलो नांवाची पांढरी, कापसासारखी मऊ मिठाई लांब काडीच्या टोंकास टोंचून निखाऱ्यांवर भाजावयाची. ती बाहेरून सोनेरी व आंतून पातळ झाली म्हणजे चॉकोलेटाच्या तुकड्यासह दोन ग्रॅहम बिस्किटांमध्यें दाबावयाची. चॉकोलेटांतील कोकोचें लोणी सुमारें ३४ अंश सेंटिग्रेडवर, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेहूनहि कमी उष्णतेवर, वितळतें. म्हणून त्यास निराळा विस्तव लागत नाहीं, मार्शमॅलोची ऊबच पुरते.

ह्यांतील बिस्किटाची कथा बोधप्रद आहे. रेव्हरंड सिल्व्हेस्टर ग्रॅहम (१७९४–१८५१) हे अमेरिकेंतील प्रेस्बिटेरियन उपदेशक. मद्यपाननिषेधाचा उपदेश करितां करितां ते आहारसुधारणेकडे वळले. मांस, मसाले, चहा, कॉफी हीं सर्व वर्ज्य करावीं आणि कोंडा न काढलेल्या गव्हाच्या पिठाचा पाव घरींच करून खावा, असें त्यांचें मत होतें. १८३७ सालीं त्यांनीं पाव करण्याच्या विषयावर एक ग्रंथहि प्रसिद्ध केला. त्यांच्या मतावरून निघालेल्या साध्या बिस्किटास पुढें त्यांचें नांव मिळालें. कोंड्याविषयींचें त्यांचें म्हणणें आजचे डॉक्टरहि मान्य करितील. परंतु जिभेस सुख देणारें जवळजवळ सर्वच त्यांनीं त्याज्य ठरविलें, आणि त्यांच्या पश्चात् काय झालें? व्यापाऱ्यांनीं बिस्किटांत साखर घातली, मुलांनीं त्यांत चॉकोलेट व मार्शमॅलो भरलें, आणि संयमाच्या उपदेशकाचें नांव मिठाईच्या संगतीनें घरोघर पोंचलें! केवळ निषेधानें ‘पुरे’ शिकवितां येत नाहीं, ह्याहून दुसरा पुरावा तो कोणता?

आतां दुसरी बाजू पाहूं. ज्युलिएट गॉर्डन लो ह्या बाईंनीं १९१२ सालीं अमेरिकेंत मुलींची स्काउट संस्था स्थापन केली. ह्या संस्थेच्या १९२७ सालच्या ‘ट्रॅम्पिंग अँड ट्रेलिंग विथ द गर्ल स्काउट्स’ ह्या पुस्तकांत ह्या खाऊची कृति दिली आहे. आठ काड्या, सोळा बिस्किटें, चॉकोलेटाच्या आठ वड्या व सोळा मार्शमॅलो, असें मोजून प्रमाण आहे. आणि आणखी खावेंसें वाटलें तरी एकावर समाधान मानावें, अशा आशयाची सूचना शेवटीं जोडली आहे. नांव ‘आणखी’ म्हणतें, कृति ‘पुरे’ म्हणते. गोड नाकारलें नाहीं, पण त्यास माप घातलें.

हें माप पाळावयास विस्तव मोठें साहाय्य करितो. उतावळा मुलगा मार्शमॅलो ज्वाळेंत खुपसतो. त्याचा बाहेरून कोळसा होतो व आंतील भाग थंडच राहतो. ज्याला धीर आहे तो निखाऱ्यांपासून थोडा दूर धरून काडी हळूहळू फिरवितो. एकेक भाजावयास कांहीं मिनिटें लागतात. शेगडीपुढें जागा बेताची, म्हणून आपलें झालें कीं दुसऱ्यास जागा द्यावी लागते. आणि धाकट्या भावंडाचें वडील भावंडानें भाजून द्यावें लागतें. आज मायक्रोवेव्हमध्यें हेंच काम कांहीं सेकंदांत होतें. सोय खरी, पण इच्छा व घांस ह्यांच्यामध्यें ना श्रम उरतो, ना वाट पाहणें, ना दुसऱ्याचें तोंड दिसतें.

इस्राएल लोकांस अरण्यांत मान्ना मिळाला, त्याची चव मधाच्या पोळीसारखी होती, असें निर्गमाच्या सोळाव्या अध्यायांत सांगितलें आहे. देवानें त्यांस गोड अन्न नाकारलें नाहीं. ज्याच्या त्याच्या गरजेपुरतें वेंचावें, इतकीच आज्ञा केली. आणि आज्ञा मोडून सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यांत किडे पडले.

विस्तवाजवळ मुलांस बसविणें धोक्याचें आहे, असा आक्षेप कोणी घेतील. धोका आहेच. वितळलेली साखर कातडीस चिकटून खोल भाजते. म्हणून काडी लांब असावी, पेटलेला मार्शमॅलो झटकूं नये, आणि पाण्याची बादली जवळ असावी. घरांतील शेगडी पेटविण्यापूर्वीं धुराड्याची झडप उघडावी. रंग दिलेलें लांकूड जाळूं नये. कण्हेरीसारख्या विषारी झाडाची काडी वापरूं नये. परंतु ह्याचा अर्थ वडिलांनीं शेजारीं बसावें, हाच होय. आणि खाऊपेक्षां मुलांस हें शेजारीं बसणेंच अधिक हवें असतें.

महाराष्ट्रांतील कित्येक कुटुंबें आज अमेरिकेंत राहतात, त्यांच्यासाठीं एक गोष्ट सांगावयाची. मार्शमॅलो हें मूळचें दलदलींत उगवणाऱ्या एका झाडाचें नांव. पूर्वीं त्याच्या मुळाचा चिकट रस ह्या मिठाईंत घालीत. हल्लींचा बहुतेक मार्शमॅलो साखर, मक्याचा पाक व जिलेटिन ह्यांचा असतो, आणि जिलेटिन डुकराच्या किंवा गाईगुरांच्या कातड्याहाडांपासून निघतें. म्हणून पाहुण्या मुलास प्रथम विचारावें. जिलेटिनाशिवाय केलेला मार्शमॅलोहि मिळतो, शक्य तर तोच सर्वांसाठीं आणावा. शेकोटीभोंवतीं एक मूल जरी रिकाम्या हातानें बसलें, तरी इतरांचा घांस गोड होऊं नये.

विद्यार्थिमित्रांनो, हा परदेशी खाऊ तुम्ही करावाच, असा आमचा आग्रह नाहीं. आपल्या शेतांतील हुरड्याच्या आगटीभोंवतीं हाच धडा मिळतो. पालकांस मात्र विनंति आहे कीं, मुलांस खाऊ नुसता आणून देऊं नका, नुसता बंदहि करूं नका; त्यांच्याबरोबर तो भाजावयास बसा. जें मूल आपल्या हातानें भाजलेला पहिला घांस धाकट्या बहिणीस देतें, त्याला ‘पुरे’ हा शब्द निराळा शिकवावा लागत नाहीं.