गाडीलाही शिट्टी असते!

मैत्रिणींनो, डाळीचा कुकर लावण्यापूर्वी आपण झाकण उजेडाकडे धरून शिट्टीच्या नळीतून आरपार पाहतो. निदान पाहायला तरी हवं! नळीत टरफल अडकलं, की वाफेला वाट मिळत नाही. मग ती रबरी रिंगच्या कडेने फसफसते, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह तरी उडतो. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण दारातल्या गाडीलाही अशीच एक शिट्टी असते, हे मला गाडी चालवायला लागून अकरा वर्षं झाल्यावर कळलं. आणि तेही चांगलाच खड्डा पडायच्या बेतात असताना!

आमची लहान पेट्रोल गाडी. तिच्या खालच्या फरशीवर ऑइलचे डाग पडू लागले. गॅरेजवाल्याने सील बदललं. महिनाभराने पुन्हा डाग. पुन्हा सील. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, रिंगा गेल्यात, इंजिन उघडावं लागेल." त्याने सांगितलेला आकडा म्हणजे मुलीच्या क्लासच्या फीसाठी बाजूला ठेवलेली सगळी रक्कम. हे म्हणाले, "करून टाकू, रोजची कटकट नको." माझा मात्र पाय निघेना. माहेरच्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक होते, त्यांच्याकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, अंगठ्याएवढा एक तुकडा उपसून काढला आणि माझ्या कानाजवळ हलवला. "काही वाजतंय?" काहीच वाजत नव्हतं. "वाजायला पाहिजे," ते म्हणाले. "खुळखुळ्यासारखा."

तो होता पी.सी.व्ही. व्हॉल्व्ह. पेट्रोल जळताना थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली, इंजिनाच्या पोटात ऑइल असतं तिथे, उतरतो. धडधाकट इंजिनातही हे होतंच. त्या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. त्याला बाहेर वाट हवी. जुन्या काळी ही वाट म्हणजे रस्त्याकडे तोंड केलेली उघडी नळी असे, सगळी घाण हवेत. लॉस एंजेलिसवर धुरकट हवेचं सावट धरू लागलं, तेव्हा कॅलिफोर्नियात विकायच्या १९६१ च्या गाड्यांना हा व्हॉल्व्ह बसवला गेला. तो हा वायू ओढून पुन्हा इंजिनात जाळायला पाठवतो. आत एक लहानशी दांडी आणि स्प्रिंग असते. गाडी नुसती उभी राहून चालू असली तर वाट थोडी, वेग घेतला की जास्त. दांडी चिकटली की सगळंच बिघडतं. बंद स्थितीत चिकटली तर पोटातला दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. आमचं हेच झालं होतं. सील बिचारं निर्दोष! उघडी चिकटली तर हवा जास्त ओढली जाऊन गाडी उभ्या जागी थरथरते, आणि ऑइलही जळायला लागतं.

आता मुख्य गोष्ट. हा व्हॉल्व्ह लवकर तुंबतो तो आपल्या गाड्यांचा. शाळा दीड किलोमीटर, मंडई दोन, सासूबाईंचा दवाखाना तेवढाच. इंजिन नीट तापतच नाही, म्हणून आतली वाफ उडून न जाता ऑइलमध्ये मुरते आणि त्याचा चिखल होतो. हमरस्त्यावर शंभर किलोमीटर धावणारी गाडी यापेक्षा सुखी. पावसाळ्यात ऑइल भरायच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर दिसला, तर समजावं की लहान फेऱ्या फार होताहेत. (मात्र रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल तर दुखणं वेगळं असू शकतं. गाडी चालवू नका, आधी दाखवा.)

तपासायचं कसं? गाडी पूर्ण थंड हवी. किल्ली काढून घ्या, कारण काही गाड्यांचा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरायला लागतो. ओढणी, पदर, वेणी बांधून टाका, हातातल्या बांगड्या काढून ठेवा. बहुतेक साध्या पेट्रोल इंजिनांत व्हॉल्व्ह वरच्या टॅपेट कव्हरवर किंवा त्याच्या जवळ असतो आणि त्याला एक रबरी नळी जोडलेली असते. पहिल्यांदा मेकॅनिककडून जागा दाखवून घ्या. नळी दाबून पाहा. कडक झाली असेल, चिरा असतील, ऑइलने भिजून लिबलिबीत झाली असेल, तर ती आधी बदला. व्हॉल्व्ह काढून हलवा. टकटक आवाज आला तर आतली दांडी मोकळी आहे. जोर मात्र लावू नका, प्लॅस्टिकचे व्हॉल्व्ह जुने झाले की कडकन् तुटतात. आणि तोंड लावून फुंकू किंवा ओढू नका, ती वाफ विषारी असते.

साफ करावा की बदलावा? दुकानात मिळणाऱ्या कार्ब्युरेटर क्लीनरने धुऊन, वाळवून तो खणखणीत वाजू लागला, तर एक वेळ परत बसवायला हरकत नाही. केसातल्या पिनेने खरवडायचा मोह मात्र टाळा, आतली बैठक खरचटते. माझं मत विचाराल तर, शंका आली की बदलून टाकावा. लहान गाडीचा बहुधा काहीशे रुपयांत मिळतो. फक्त आपल्याच इंजिनाचा मागा. बाहेरून सारखा दिसला तरी आतली स्प्रिंग वेगळी असते. त्याच वेळी ऑइलही बदला, नाहीतर जुना चिखल नव्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसेल.

किती दिवसांनी, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पण माझा नेम असा : दर ऑइल बदलाच्या वेळी नळीवर नजर, आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास, व्हॉल्व्ह हलवून पाहायचा. मधेच ऑइल लवकर कमी होऊ लागलं, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल दिसलं, किंवा फरशीवर डाग पडला, तर दिवाळीची वाट पाहायची नाही. आणि कुणी 'इंजिन उघडू' म्हणालं, तर आधी विचारायचं, "पी.सी.व्ही. पाहिलात का?"

सी.एन.जी.च्या गाड्यांनाही हे सगळं लागू. डिझेल आणि टर्बो गाड्यांत ही व्यवस्था वेगळी, पुष्कळदा कव्हरच्या आतच बसवलेली असते. तिथे आपण हात घालू नये. विजेच्या गाडीला मात्र ही शिट्टी नाहीच!