पाठीला हात पुरत नाही तेव्हा

रक्तदाबाला आपल्या घरांत मान आहे. मधुमेहाला तर विशेषच. त्याच्यासाठी भाजी वेगळी होते, चहा वेगळा होतो आणि लग्नाच्या पंगतीतही "त्यांना जिलबी वाढू नका हो!" असा पुकारा होतो. परंतु घरातील आजी गेले सहा महिने रात्री उठून अंग खाजवीत बसतात, या दुखण्याला मात्र दुखणे म्हणायला कोणी तयार नसते. आजींनी दाराच्या चौकटीला पाठ घासली की नातवंडे हसतात, सूनबाई ओशाळतात आणि चिरंजीव वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणतात, "आई, अंघोळ जरा नीट करीत जा."

वास्तविक आई अंघोळ नको तितकी नीट करीत असते, आणि पुष्कळदा दुखण्याचे मूळ तिथेच असते!

फराळाच्या दिवसांत हा विषय काढल्याबद्दल वाचक भगिनी रागावणार नाहीत, अशी आशा आहे. दिवाळी हा अभ्यंगाचा सण, आणि याच सुमारास पावसाळी दमट हवा ओसरून कोरडी थंडी सुरू होते. म्हातारपणच्या खाजेला हीच हवा मानवते. तेव्हा वाटीत तेल निघालेच आहे, तर दोन गोष्टी समजून घेऊ.

सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या एका जर्मन वैद्याने १६६० साली खाजेची व्याख्या केली, ती अशी की ज्या संवेदनेने खाजवावेसे वाटते ती खाज. वाचून हसू येते खरे, पण साडेतीन शतकांत या व्याख्येत कोणाला फारशी भर घालता आलेली नाही. खाज सहा आठवड्यांहून अधिक टिकली, तर आजचे डॉक्टर तिला जुनाट म्हणतात. आणि साठी-सत्तरीनंतर तिचे सर्वांत नेहमीचे कारण कुठला भयंकर रोग नसून साधा कोरडेपणा हे असते.

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्या मधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. वय वाढते तसा हा चुना कमी होतो. तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथीही मंदावतात. मग आतला ओलावा फटींतून उडून जातो, नडग्यांवर मासळीच्या खवल्यांसारखी पापुद्री दिसू लागते आणि बाहेरची साधी धूळ, लोकर किंवा साबणही आतल्या मज्जातंतूंना डिवचू लागतो. माणूस खाजवतो. खाजवण्याच्या किंचित वेदनेने खाज क्षणभर दबते, पण भिंतीला आणखी भोके पडतात आणि खाज दुपटीने परत येते. याला रक्ताचा दोष म्हणावे असे काही नाही. चुना पडला आहे, तो भरायचा आहे, इतकेच.

आता अंघोळीकडे वळू. कढत पाणी पाठीवर घेतले की खाज थांबल्यासारखी वाटते, म्हणून आजी तांब्यावर तांबे घेतात. तेच पाणी उरलासुरला स्निग्धांश धुऊन नेते. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि नेहमीचा साबण चांगलाच अल्कधर्मी. तो सर्वांगाला फासून वर घासणीने घासले, की भिंतीचा राहिलेला चुनाही गेला म्हणून समजावे. तेव्हा पाणी कोमट असावे. अंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकावी. साबण काखा, जांघा आणि पावले एवढ्यापुरताच, तोही सौम्य आणि बिनवासाचा. सणाच्या उटण्याचा मान राखायचा तर ते दुधात किंवा सायीत कालवून नुसते फिरवावे. म्हाताऱ्या अंगावर ते रगडू नये.

अंग खसखसून पुसू नये. पंचाने टिपून घ्यावे. कातडी ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा मलम लावावे. साऱ्या उपचाराची किल्ली या दोन-तीन मिनिटांत आहे. तेल स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा झाकून ठेवते. कोरड्याठाक अंगावर चोळलेले तेल रिकाम्या डब्याला झाकण लावल्यासारखे आहे. आपली रीत आधी तेल आणि मग अंघोळ अशी आहे. ती जरूर पाळावी, पण म्हाताऱ्या माणसासाठी अंघोळीनंतर पुन्हा एक हलका हात फिरवावा.

तेल कोणते? आपल्या घरातले खोबरेल उत्तम. २००४ साली फिलिपाइन्समधील डॉक्टरांनी कोरड्या कातडीच्या ३४ रुग्णांवर खोबरेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, तीत दोन्ही सारखीच गुणकारी ठरली. सूर्यफुलाचे तेलही चालते. महागाचे ऑलिव्ह तेल मात्र परदेशी बाटलीच्या भरवशावर लावू नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात त्याने कातडीची भिंत उलट कमकुवत केल्याचे आढळले, सूर्यफुलाच्या तेलाने तसे केले नाही. मोहरीचे तेल तिखट. ते नाजूक कातडीला झोंबते.

ज्यांना तेलकटपणा नको त्यांनी बिनवासाचे घट्ट मलम घ्यावे. थोडे पाणी मिसळलेले ग्लिसरीन जुने आणि गुणी आहे. फार भेगाळलेल्या नडग्या-टाचांना साधे व्हॅसलीन लावावे. चेसब्रो या अमेरिकन गृहस्थाने १८७२ साली त्याचे पेटंट घेतले, आणि ओलावा झाकून ठेवण्यात त्याच्या तोडीचे पदार्थ आजही थोडेच आहेत. ओटचे बारीक दळलेले पीठ कोमट पाण्यात कालवून अंगावरून घेतल्यास खाज शमते. त्यातील काही द्रव्ये दाह कमी करणारी आहेत. रात्री खाजेची उबळ आली तर गार पाण्यात पिळलेले फडके पाच-दहा मिनिटे ठेवावे आणि मग तिथे तेलाचे बोट लावावे. नखे कापलेली असावीत, अंगालगत सुती कपडा असावा, लोकरीचा स्वेटर त्यावरून.

आयुर्वेदाने खाजेला कंडू म्हटले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, कंडू शमवणाऱ्या दहा वनस्पतींची यादी आहे: चंदन, जटामांसी, बहावा, करंज, कडुनिंब, कुडा, मोहरी, ज्येष्ठमध, दारुहळद आणि नागरमोथा. ती वाचून उत्साही मंडळी बाजारात धावतील, म्हणून सांगावेसे वाटते की यादी म्हणजे कृती नव्हे. कोणती वनस्पती, कोणत्या रूपात, कोणाला, हे ठरवणे जाणत्या वैद्याचे काम. कडुनिंबाची पाने उकळून गाळलेले पाणी अंगावर घेतले तर सहसा अपाय नाही. पण निंबाचे किंवा करंजाचे तेल उग्र असते. ते आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक-दोन दिवस पाहावे.

"झाडपाल्याचे आहे, अपाय काय व्हायचाय?" हे वाक्य आपल्याकडे फार विश्वासाने उच्चारले जाते. बिब्बा झाडालाच येतो, आणि बिब्बा उतला म्हणजे काय होते ते ज्याने भोगले त्याला विचारावे. बावची हीही वनस्पतीच. ती लावून उन्हात बसले तर अंगावर भाजल्यासारखे फोड येतात. खाजेवर लसूण वाटून बांधणे, लिंबू चोळणे, कापराचा जाड लेप देणे हे उपाय पातळ झालेल्या कातडीला सोसत नाहीत. पोटात घेण्याच्या "रक्तशुद्धी"च्या काढ्यांविषयी तर अधिकच जपावे. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य झाला नाही, आणि हा वाद मिटवणे तुमच्या-आमच्या हाती नाही. परंतु यकृताच्या बिघाडानेही खाज सुटते, एवढे ध्यानात ठेवले तर डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने काढे पाजणे किती धोक्याचे, हे कोणालाही कळेल.

औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली नळी हा दुसऱ्या टोकाचा अविचार. स्टेरॉइडचे मलम दोन दिवसांत चमत्कार करते. महिनाभर लावले तर कातडी पातळ करते आणि खाली गजकर्ण असेल तर ते आपल्या आडोशाने पसरू देते. ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली कडक केला, तो उगीच नव्हे. तीच गोष्ट झोप आणणाऱ्या जुन्या ॲलर्जीच्या गोळ्यांची. कोरडेपणाच्या खाजेवर त्यांचा उपयोग थोडा. वृद्धांना मात्र त्यांनी गुंगी येते, भ्रम होतो, लघवी अडते, आणि रात्री उठताना पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीती राहते.

आता सर्वांत महत्त्वाचे. दोन-तीन आठवडे हा नेम मनापासून पाळूनही खाज हटली नाही, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांकडे जावे. अंगावर पुरळ नसताना सर्वांगाला खाज सुटते तेव्हा मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, लोहाची कमतरता किंवा रक्ताचा एखादा विकार तिच्यामागे दडलेला असू शकतो. रक्ताच्या साध्या तपासण्यांतून यातले बरेचसे कळते. वजन उतरणे, रात्री घामाने भिजणे, डोळे पिवळे होणे, अंगावर मोठे फोड येणे, यांपैकी काही दिसले तर तीन आठवडेही वाट पाहू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही खाज येते. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, पण सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवावीत.

खरजेचेही तसेच. इटालियन वैद्य बोनोमो याने १६८७ साली खरजेच्या किड्याचे वर्णन लिहून ठेवले, तरी सुशिक्षित घरांना आजही वाटते की खरूज आपल्याकडे यायचीच नाही. खाज रात्री फार वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला बारीक पुळ्या असतील आणि घरात आणखी कोणी खाजवू लागले असेल, तर तेलाची वाटी दूर सारावी. त्यावर मलम आहे, पण ते घरातल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी आणि डॉक्टर सांगतील तसे पुन्हा एकदा लावावे लागते. त्याच दिवशी कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. एकट्या आजींना मलम लावले तर किडा नातवाकडून पुन्हा आजींकडे येतो आणि दोष बिचाऱ्या म्हातारपणाला लागतो.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे शेवटी आजींनी रोज तेल लावायचे, एवढेच ना?" इथेच तर अडते! पंचाहत्तरीच्या माणसाचा हात स्वतःच्या पाठीला पुरत नाही. वाकून नडगीला तेल लावायचे तर भोवळ येते. आपण बाटली आणून देतो, कशी वापरायची ते बजावून सांगतो आणि महिन्याने विचारतो, "काय, फरक पडला का?" फरक कुठून पडणार? लाजेखातर आजी "पडला हो थोडा" म्हणतात, आणि रात्री पुन्हा फणीच्या दांड्याने पाठ खाजवतात.

म्हणून नैसर्गिक उपायांच्या यादीत पहिले नाव कोणत्याही पाल्याचे नसून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाताचे आहे. रोज अंघोळीनंतर पाच मिनिटे पाठ, दंड आणि नडग्या यांना हा हात लागला पाहिजे. तो सूनबाईंचाच असावा असे कुठे लिहिलेले नाही. चिरंजीवांना दोन हात आहेत, कॉलेजातल्या नातीलाही आहेत. आजोबांना संकोच वाटत असेल तर मुलाने किंवा नातवाने लावावे. तेल लावणाऱ्या हाताला पाहताही येते. नवी पुळी, खाजवून झालेली जखम, न सांगितलेला फोड, उतरलेले वजन हे सारे डॉक्टरांच्या आधी त्याच हाताला कळते.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. तळपायांना तेल न्हाणीघरात लावू नये. ते पलंगावर बसवून शेवटी लावावे आणि वर मोजे घालावेत, म्हणजे फरशीवरून घसरायचे भय नाही. दुसरी गोष्ट या दिवसांची. तेल किंवा मलम मुरलेले कपडे चटकन पेट घेतात, तेव्हा तेल लावलेल्या आजींनी त्याच लुगड्यानिशी पणत्यांजवळ किंवा फटाक्यांपाशी जाऊ नये.

भाऊबीज झाली की पाहुणे आपापल्या गावी जातील, डबे रिकामे होतील आणि थंडी चांगलीच पडू लागेल. तेलाची वाटी तेव्हा फडताळात जाऊ देऊ नका. ती होळीपर्यंत न्हाणीघराच्या दाराशीच असू द्या, आणि आज कोणाची पाळी आहे ते सकाळी चहाच्या वेळीच ठरवून टाका.