चंद्र पाहायला गच्चीवर का जायचे?

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ आम्ही चंद्रपूरकर विसरणार नाही. सकाळी घराघरांवर गुढ्या उभारल्या होत्या. संध्याकाळी आम्ही गच्चीवरून रमजानचा चंद्र पाहिला. मुबारकबाद देऊन लोक तरावीहच्या तयारीला लागले, तोच पावणेआठच्या सुमारास आकाशातून जळते तुकडे रांगेने सरकत गेले. कुणी उल्का म्हणाले, कुणी क्षेपणास्त्र. मोहल्ल्यात एकाने कयामतची निशाणी ठरवून टाकली. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मात्र सुमारे ३ मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले होते. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. इस्रोचे शास्त्रज्ञही पाहणीला आले.

माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. चंद्र पाहताना तिने विचारले होते, "तो कुठे असेल हे आधीच मोजता येते, तर आपण गच्चीवर का येतो?" एका बुजुर्गांनी तिला गप्प केले, "असे प्रश्न ईमान कमजोर करतात." मी शेजारीच होतो आणि काही बोललो नाही. त्याची खंत आजही आहे.

त्याच जुलैमध्ये जेम्स वेब दुर्बिणीचे पहिले रंगीत छायाचित्र आले. हात लांब करून धरलेल्या वाळूच्या कणाएवढ्या आकाशात हजारो दीर्घिका! त्यातल्या एका समूहाचा प्रकाश ४६० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. लगेच मोबाइलवर संदेश फिरू लागले, हे सारे आपल्या ग्रंथात आधीच आहे. मला हे पटत नाही. विज्ञान नवे पुरावे मिळाले की निष्कर्ष बदलते. मग आपण प्रत्येक वेळी आयतींचा अर्थ बदलणार का? आकाशाकडे पाहा, विचार करा, असे कुरआन वारंवार सांगते. दुर्बिणीकडे ते प्रमाणपत्र मागत नाही. दहाव्या शतकात अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी देवयानी दीर्घिकेची नोंद 'लहान ढग' अशी केली, ती रात्रीच्या रात्री आकाश पाहूनच.

आमच्याकडे जंगलात शिरले की आकाश अजून काळेभोर असते. गडचिरोलीतल्या गोंड शेतकऱ्याला मृग नक्षत्रात नांगर दिसतो. पाहायला शाळाच लागते असे नाही, पण विचारायची मुभा लागते. पुढच्या रमजानला मशिदीच्या गच्चीवर एक साधी दुर्बीण ठेवू या. रांगेत मुलीही असू द्या.

मुलीला मी उत्तर दिले, पण उशिरा. गणित चंद्राची जागा सांगते, पण तो दिसल्याचा आनंद गच्चीवरच मिळतो. तिने लगेच पुढचा प्रश्न विचारला. माझे ईमान शाबूत आहे, आणि तिचेही.